आर्मिंदोने बांधलेली सावली

आर्मिंदो रापोझो माझ्या समोरच्या घरात राहायचा. आमच्या गल्लीतल्या बहुतेकांसारखाच तोही पोर्तुगालच्या साओ मिगेल बेटावरून टोरोंटोला आला, मिसरूडही फुटलं नव्हतं तेव्हा, आणि आल्या आल्या सेंट्रिंगच्या फळ्या वाहायला लागला. पुढे मुकादम झाला. शहराच्या मध्यभागी जे टॉवर दाटीने उभे आहेत, त्यातल्या कितीतरींचे स्लॅब त्याच्या शिव्या ऐकत ओतले गेले. तळ्याकाठच्या हमरस्त्यावरून गाडी हाकताना तो एक हात सोडून दाखवायचा, "तो माझा. काळ्या काचेचा तोही माझा. तो कोपऱ्यातला वाकडा दिसतो ना, तो माझा नाही."

त्याची बायको लुर्दिश म्हणायची, "आधी दोन्ही हात चाकावर ठेव. नाहीतर उद्या दोघांचे फोटो चर्चच्या भिंतीवर लागतील."

माणूस गोड नव्हता. कोणाच्या पायरीला तडा दिसला की न विचारता, "हे कुठल्या गाढवाचं काम?" म्हणून मोकळा. शेजारच्या झुल्मीरा पाशेकोशी मात्र त्याचं जमायचं, कारण तिची जीभही तशीच होती. तिच्या मुलाच्या, देलियोच्या, बाप्तिस्म्याला धर्मपिता म्हणून आर्मिंदोच उभा राहिला होता. तेव्हापासून ती त्याला कोंपाद्रे म्हणायची आणि तो तिला कोमाद्रे, पोरामुळे जुळलेलं नातं ते. दोन परसांमधल्या कुंपणावर तिची द्राक्षवेल होती. मुळं तिच्याकडे, निम्मे घड त्याच्याकडे. दरवर्षी दोघं तिच्या तळघरात वाइन करायचे आणि यंदा कोणामुळे आंबट झाली यावरून वर्षभर भांडायचे.

मग त्या दोघांच्या परसांमागच्या रस्त्यावरचा पडद्यांचा कारखाना पाडला आणि तिथे पाटी लागली. अठ्ठावीस मजले.

झुल्मीराने अख्खी गल्ली पेटवली. दारोदार फिरली, चर्चबाहेर उभी राहिली. वाचनालयाच्या तळघरात महापालिकेने सभा बोलावली तेव्हा बसायला जागा नव्हती. नगररचना खात्यातली एक तरुण बाई पडद्यावर चित्रं दाखवत होती, सावली कधी कुठे पडेल याची. ती शांतपणे म्हणाली, "मेट्रो जवळ आहे. अशा ठिकाणी उंच बांधायचं हे शहराचं धोरण आहे. नवीन माणसं येतायत, त्यांना राहायला घरं हवीत."

"आम्हीपण नवीनच आलो होतो, बाई," झुल्मीरा उभी राहून ओरडली. "पण कोणाच्या डोक्यावर जाऊन बसलो नाही!"

टाळ्या पडल्या. तेवढ्यात मागून आर्मिंदो उठला.

"होऊ दे टॉवर," तो म्हणाला. "या खोलीतल्या निम्म्या लोकांची घरं काँक्रीटच्या पगारावर उभी आहेत. तेव्हाही कोणाच्या ना कोणाच्या परसात सावली पडतच होती. तेव्हा नाही कोणाच्या पोटात दुखलं!"

झुल्मीरा सावकाश मागे वळली. "हे काम तुला मिळालंय का रे?"

तो खाली बसायला लागला.

"बोल ना, कोंपाद्रे. सगळ्यांना ऐकू दे."

"मिळालंय. मग?"

"मग काही नाही. यापुढे मला कोमाद्रे म्हणायचं नाही. आणि माझ्या पोराचा धर्मपिता म्हणून कुठे मिरवायचं नाही. दगाबाज जूदास कुठला!"

गल्लीने त्याच्याशी बोलणं टाकलं. पावाच्या दुकानात तो शिरला की गप्पा थांबायच्या. लुर्दिशला तर चर्चमध्ये बाकाच्या टोकाला बसायची पाळी आली, कारण तिच्यासाठी कोणी सरकेना. मीही सरकले नाही. कोणाशी वाकडं घ्यायचं हा प्रश्न आला, तेव्हा मी संख्येने जास्त असलेल्यांच्या बाजूने होते.

टॉवर मात्र मंजूर झाला. क्रेन उभी राहिली आणि आर्मिंदो रोज डोक्यावर टोपी चढवून, गल्लीकडे न बघता, मागच्या रस्त्याने कामाला जाऊ लागला. झुल्मीराने महापालिकेला फोन करायचा सपाटा लावला. सकाळी वेळेआधी यंत्रं सुरू होतात, धूळ उडते, ट्रक आडवे लावतात. बरंचसं खरंच होतं. कंपनीला दंड झाला आणि साहेबाने आर्मिंदोला सगळ्या गड्यांसमोर झापलं, "तुझी शेजारीण आहे ना? आवर तिला."

तो तसाच, चिखलाच्या बुटांनी, तिच्या दारात गेला. तिने जाळीचं दार उघडलंच नाही. मी माझ्या ओट्यावरून सगळं ऐकलं.

"माझ्या पोटावर का पाय देतेस?"

"तू माझ्या डोक्यावर स्लॅब टाकतोयस, त्याचं काय?"

"मी नाही टाकला तर दुसरा कोणी टाकेल!"

"मग दुसऱ्याला टाकू दे ना! त्याला मी ओळखत नाही. त्याने माझ्या घरात जेवण नाही केलेलं."

यावर त्याने एक शिवी दिली. तिने दोन दिल्या.

त्या उन्हाळ्यात एका वाऱ्याच्या दिवशी वरून सिमेंटचं पाणी उडालं आणि झुल्मीराच्या वाळत घातलेल्या चादरींवर राखाडी शिंतोडे पडले. वाऱ्याचं काम होतं ते, पण तिची खात्री होती की आर्मिंदोनेच मुद्दाम केलं. तिने त्या चादरी घराच्या दर्शनी कुंपणावर टांगल्या, नेमक्या त्याच्या दाराकडे तोंड करून, आणि त्या काढेचना. येणारा-जाणारा विचारायचा आणि ती सांगायची. शेवटी एका रविवारी, सगळे चर्चमध्ये असताना, आर्मिंदोने करवत घेतली आणि द्राक्षवेलीचा आपल्या बाजूचा सगळा भाग कुंपणाच्या रेषेत कापून टाकला. हिरवे घड तसेच जमिनीवर पडले.

झुल्मीरा आली, तिने पाहिलं. मला वाटलं, आता रस्ता दणाणणार. पण ती सरळ आत गेली. दुसऱ्या दिवशी देलियो कुदळ घेऊन आला आणि आईने दाखवलं तिथे खणायला लागला. राहिलेली वेल त्याने मुळासकट उपटली.

"अगं, निम्मी तर जगली असती," मी म्हणाले.

"त्याने हात लावलेली मला नको," ती म्हणाली.

टॉवर पुरा झाला. दुपार कलली की सावली दोन्ही परसांत यायची, तिच्याकडे आणि त्याच्याकडेही. त्याची कोबीची रोपं लांबुडकी आणि पिवळी पडली. "पाणी जास्त झालं," असं तो सांगायचा.

वरच्या गॅलऱ्यांत माणसं राहायला आली. जूनमध्ये साओ जुआंवच्या सणाला आर्मिंदोने परसात नेहमीसारखी कोळशावर सार्डिन मासे भाजायला लावले. धूर सरळ वर गेला.

"ओ काका! विझवा ते!" सातव्या मजल्यावरून एक तरुण ओरडला. "घरात वास येतोय!"

"खिडकी लाव!"

"मी तक्रार करीन!"

"कर! तू उभा आहेस तो स्लॅब मी ओतलाय, समजलास?"

"आणि मी तो विकत घेतलाय!"

आयुष्यात पहिल्यांदा आर्मिंदोला शिवी सुचली नाही.

तक्रार खरंच झाली, एक नाही, बऱ्याच. महापालिकेचा माणूस आला. आर्मिंदो त्याच्यावरही खेकसला, त्यामुळे तो आणखी चिडला आणि शेजाऱ्यांकडे चौकशी करायला निघाला. पहिलं दार झुल्मीराचं. आर्मिंदो ओसरीवर हात बांधून उभा राहिला. चेहरा असा, की आता फाशीच ऐकायची.

"बाई, शेजारच्या धुराचा तुम्हाला त्रास होतो का?"

"कसला धूर?" झुल्मीरा म्हणाली.

"सार्डिनचा. वरच्या लोकांची तक्रार आहे."

"वरच्या लोकांची? ते कधी आले? आम्ही या रस्त्यावर सणाला मासे भाजायला लागलो तेव्हा तिथे हवा होती, नुसती हवा! त्यांना जाऊन सांग, नाकं घेऊन खाली या आणि हुंगून जा. पुन्हा माझ्या दारात आलास तर तुझीच तक्रार करीन."

माणूस गेला. आर्मिंदो दोन पायऱ्या उतरून कुंपणापर्यंत आला. "कोमाद्रे..."

"तोंड सांभाळ," ती म्हणाली. "तुझ्यासाठी नाही बोलले. मला त्यांचा राग तुझ्यापेक्षा थोडा जास्त येतो, एवढंच. मरेपर्यंत बोलणार नाहीये तुझ्याशी."

लुर्दिशने तरीही संध्याकाळी ताटलीभर सार्डिन देलियोच्या हाती पाठवली. ताटली तशीच भरलेली परत आली.

पुढच्या वर्षी आर्मिंदोचे गुडघे गेले. घर विकून दोघं उत्तरेला ब्रॅडफर्डला मुलीजवळ राहायला गेली. सामान चढत असताना झुल्मीरा आपल्या दारची पायरी झाडत होती, मान खाली घालून, एकच पायरी.

मी अधूनमधून त्याला फोन करते. मागच्या वेळी विचारलं, "कसं आहे गाव?"

"सपाट," तो म्हणाला. "छपरावर चढलं तरी काही दिसत नाही. इथल्या लोकांना दोन मजल्यांच्या वर काही बांधू द्यायचं नाही. परवा सभा होती. सगळे मूर्ख." मग म्हणाला, "ती आहे का अजून, चेटकीण?"

"आहे की."

"असणारच. वाईटाला मरण नाही."

मी ते झुल्मीराला जसंच्या तसं सांगितलं. ती ओट्यावर शेंगा सोलत होती.

"त्याला सांग," ती म्हणाली, "त्याच्या घरात आलेत ना, त्यांनी परसात नुसता दगड अंथरलाय. एक पान उगवत नाही. सांग त्याला हे. रात्रभर झोप नाही लागायची."