चार एडक्यांचा कॉम्प्युटर

"झाकण काढ म्हन्लं ना! आत काय हाय ते बघितल्याबिगर मी पैशाच्या चंचीला हात लावायचा न्हाई."

ओरडत होते ते आमचे आबा, म्हणजे माझे वडील. जागा हैदराबादेतली, कोठीच्या एका गल्लीत जिना चढून गेल्यावर लागणारं कॉम्प्युटरचं दुकान. आबांचा आवाज जन्मभर मेंढरांमागं हिंडून कमावलेला. आमच्या गावच्या, पिंगळीच्या माळावरून त्यांनी कुत्र्याला हाक मारली की तिकडं चुडाव्याचे स्टेशन मास्तर हातातला हिरवा झेंडा गुंडाळून लाल काढायचे. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. निदान पाहिलेल्या माणसाला मी ओळखतो. त्या दिवशी दुकानात त्यांनी आवाज टाकला तेव्हा काउंटरवर पडलेले सुटे स्क्रू थरथरत एका कोपऱ्यात जाऊन बसले.

दुकानवाले मियाँ पन्नाशीचे, मेंदी लावलेल्या दाढीचे. त्यांनी शांतपणे हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"चचा, धीरे बोलो. मशीनां डर जातीं."

"मेंढरू इकत घेताना आमी पाठीवरून हात फिरवतो, दात बघतो, कास बघतो. ही पेटी कामून बंद ठेवायची?"

पेटी उघडली. आबांनी आत डोकं घातलं, बोटानं दोनतीनदा टकटक केलं आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "रिकामीच हाय की रे. एवढ्यासाठी बारा मेंढरं इकायला लावलीस?"

आता बारा मेंढरं विकून हैदराबाद गाठण्याची वेळ का आली, ते सांगायला पाहिजे.

माझी थोरली बहीण, आक्का, सासरहून परत आली ती दोन साड्या आणि टायपिंगचं एक सर्टिफिकेट घेऊन. घरी बसून राहणं तिच्या स्वभावात नव्हतं. परभणीत एक खोली भाड्यानं घेऊन तिनं सहा जुन्या टाइपरायटरांवर क्लास काढला. सहाही मशिनी एकदम चालल्या की खालच्या किराणा दुकानातल्या बरण्या वाजायच्या आणि दुकानदार न मागता गिऱ्हाइकाला चिंचोके काढून द्यायचा. विद्यापीठाच्या नामांतराचे ते दिवस. नाव बदला म्हणणाऱ्यांची निवेदनं आक्का टाइप करायची, बदलू नका म्हणणाऱ्यांचीही तीच करायची. रिबीन एकच. दोन्हीकडच्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकाही तीच दुरुस्त करायची आणि पैसे मात्र दोघांकडून आधी घ्यायची.

असं बरं चाललेलं असताना समोरच्या बाजूला कॉम्प्युटर क्लास निघाला. काचेचं दार, आत कूलर, बाहेर चपला काढायच्या. आक्काची पोरं एकेक करून रस्ता ओलांडायला लागली. शेवटी अकरा मुली उरल्या. त्याही एक दिवस ओढण्या चाळवत समोर उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "ताई, आमाला तुमच्याकडंच शिकायचं हाय. पर घरचे म्हनायलेत, टायपिंगला आता कोन इचारतंय? पैल्या तारखेपस्तोर वाट बघतो."

आक्कानं त्यांना सांगून टाकलं, पहिल्या तारखेला इथं कॉम्प्युटर असेल. मग रात्रीच्या जेवणाला पिंगळीला आली आणि आबांच्या ताटात भाकर वाढता वाढता म्हणाली, "न्हाई आला तर मी कुलूप लावून घरी बसते. तुमच्या मेंढरांमागं येते."

आबा जेवता जेवता थांबले. ती घरी बसणार, हे त्यांना भाकरीपेक्षा जड गेलं. दुसऱ्या बाजाराला बारा मेंढरं गेली.

घरातला तज्ज्ञ म्हणजे मी. औरंगाबादेत तीन महिन्यांचा कोर्स केलेला. त्या तीन महिन्यांत मी कॉम्प्युटरला दोनदा हात लावला होता, एकदा धूळ पुसायला आणि एकदा दसऱ्याला हळदकुंकू लावायला. बाकी सगळं ज्ञान फळ्यावरचं. पण पिंगळीत माझ्याइतकं कोणाला येत नव्हतं, आणि ज्ञान हे शेजाऱ्यापेक्षा थोडं जास्त असलं की पुरतं. तयार मशीन परवडण्यासारखं नव्हतं. म्हणून मी ठरवलं की एकेक भाग निवडून, जमेल तेवढ्यात जोडून घ्यायचा. आक्कानं भागांची यादी स्वतः टाइप करून दिली, खाली कार्बन लावून तीन प्रतींत. त्यात तिनं एकाच ओळीखाली रेघ ओढली होती, हार्डडिस्कच्या. "बाकी काहीबी कमी कर," ती म्हणाली, "पर हे न्हाई. लोकांचे कागद त्यात ऱ्हातील. तेच ते पुन्ना टाइप करून माझी बोटं झिजली."

तर परत कोठीच्या दुकानात. मियाँ एकेक भाग काउंटरवर मांडत होते आणि मी आबांना समजावून सांगत होतो. आधी पडदा. माझं मन रंगीतवर. आबांनी विचारलं, "पत्रं काळ्या शाईनंच लिवतेत ना?" मी हो म्हणालो आणि रंगीत पडदा परत फळीवर गेला. मग हार्डडिस्क. मी म्हणालो, "आबा, लिहिलेलं सगळं ह्यात कोंडून ऱ्हातं. लाइट गेली तरी जागचं हलत न्हाई." आबांना ते लगेच पटलं. "मंजी वाघर," ते म्हणाले. वाघर म्हणजे मुक्कामाला मेंढरांभोवती लावायची जाळी. "वाघर पाहिजेच. न्हाईतर सकाळी मोजायला काय ऱ्हातंय?"

मग आली रॅम. कंगव्याएवढ्या हिरव्या पट्ट्या. मशीन काम करत असतं तेव्हा ह्यांच्या जोरावर पळतं, आणि लाइट गेली की ह्या सगळं विसरतात. आबांनी विचारलं, "रॅम मंजी काय?"

इथं मी माती खाल्ली. शाळेतल्या इंग्रजी डिक्शनरीत मला एकच शब्द आपल्या घरातला वाटला होता आणि तो मी पाठ केला होता. "रॅम मंजी एडका," मी सांगितलं. एडका म्हणजे मेंढरांतला नर.

आबांचा चेहरा उजळला. हैदराबादेत आल्यापासून पहिल्यांदा त्यांना त्यांच्या धंद्याचं काहीतरी भेटलं होतं. "किती घ्यायचेत?"

"चार घेतले तर लय पळतंय."

"येड्या, एका कळपात चार एडके? दिसभर टकरी खेळतील. दोन बास."

मी मेमरी, स्पीड, फळ्यावरचं सगळं काढून बघितलं. पण माणूस चाळीस वर्षं मेंढरं राखून बोलत होता. मियाँही मान हलवायला लागले. "चचा का बोलना सही है. दो में भी चलता."

माझ्या डोक्यात मात्र चार पट्ट्यांचं मशीन घोड्यासारखं पळत होतं. समोरच्या क्लासात दोनच पट्ट्या आहेत, हे मी चौकशी करून आलो होतो. आबा पाणी प्यायला माठाकडं वळले, तेवढ्यात मी मियाँच्या कानाला लागलो. "चाचा, चार घालो. आबा को बोलो मत. बाकी में कुछ कम कर लेना, पैसे उतनेच." मियाँनी माझ्याकडं बघितलं, आबांच्या पाठीकडं बघितलं आणि दाढी खाजवली.

आबा परत आले ते खांद्यावरचं उपरणं हातात घेऊनच. आता सौदा. मेंढरांच्या बाजारात भाव कोणी तोंडानं बोलत नाही. दोघांनी हात पुढं करायचे, वर कापड टाकायचं आणि खाली एकमेकांची बोटं धरायची. किती बोटं, तेवढा आकडा. मला वाटलं, दुकानातली टायवाली माणसं आता हसतील. पण मियाँनी शर्टाची बाही वर सारली आणि हात पुढं केला. म्हणाले, "मेरे वालिद बकरों का धंदा करते थे, चचा. तुम्हारे परभनी के बाजार कू आते थे."

उपरण्याखाली दोन हात बराच वेळ गुदगुल्या केल्यासारखे हलले. गिऱ्हाइकं भोवती जमली. वरचा पंखासुद्धा हळू झाला, आता कोणी म्हणेल की लाइट कमी झाली होती. शेवटी मियाँ म्हणाले, "चार? पक्का, चचा?"

"हौ. चार, पक्का," आबा म्हणाले.

मशीन जोडेपर्यंत आम्ही खाली जाऊन चहा प्यायलो. आल्यावर मियाँनी बटण दाबलं, पडद्यावर पांढरी अक्षरं आली, आबांनी पडद्याला लांबूनच नमस्कार केला. आत वाकून बघायचं मला सुचलं नाही. मी तज्ज्ञ होतो आणि तज्ज्ञानं वाकायचं नसतं अशी माझी समजूत होती. गाडीत आबांनी पडदा घोंगडीत गुंडाळून मांडीवर घेतला, नुकतं जन्मलेलं कोकरू घ्यावं तसा, आणि पिंगळी येईपर्यंत पाय हलवला नाही. एका बाईनं वाकून विचारलं, "लेकरू बरं न्हाई का?" आबा म्हणाले, "बरं हाय. झोपलंय."

पहिल्या तारखेच्या आदल्या दिवशी आक्काच्या खोलीत मशीन मांडलं. आक्कानं एक पत्र टाइप केलं, तिच्या वेगानं, म्हणजे अक्षरं पडद्यावर उमटायच्या आधीच तिची ओळ संपलेली. मग म्हणाली, "आता हे ठेव आत." मी हार्डडिस्कला हुकूम सोडला. पडद्यावर उत्तर आलं की असलं काही इथं नाही. पुन्हा सोडला. पुन्हा तेच. मी झाकण काढलं. चारही एडके ओळीनं, कान टवकारून उभे होते. हार्डडिस्कच्या जागी चिमणीला संसार थाटता येईल एवढी मोकळी जागा. पैसे तेवढ्यातच बसवायला मियाँनी वाघर काढून घेतली होती, आणि त्यातल्या त्यात फ्लॉपीचं, म्हणजे आत-बाहेर करता येणाऱ्या पातळ चकतीचं, एक तोंड जास्तीचं लावून दिलं होतं.

तेवढ्यात लाइट गेली. आली तेव्हा पत्रही गेलं होतं.

आक्का ओरडली नाही. तिनं एका टाइपरायटरवरचं कव्हर सरळ केलं, मग पुन्हा सरळ केलं. "उद्या अकरा पोरी येतील," ती म्हणाली. "चार कुनी सांगितले?"

मी तोंड उघडलं. शपथेवर सांगतो, उघडलं होतं. मग झाकणाचे स्क्रू मोजायला लागलो.

"मी," आबा म्हणाले. "उपरण्याखाली चारशे कमी कर म्हन्लो. त्या मियाँला चार एडके वाटले. चुकलं माझं."

आक्कानं त्यांच्या पायांकडं बघितलं. त्या पायांनी हैदराबादेपासून गाडीत पडदा सांभाळला होता. मग तिनं मला विचारलं, "ह्या फ्लॉपीत किती मावतं?" मी म्हणालो, एका मुलीचं वर्षभराचं सगळं मावेल.

दुसऱ्या दिवशी अकरा मुली आल्या. आक्कानं त्यांना खरं काय ते सांगितलं. "हे मशीन लय हुशार हाय, पर इसरभोळं. ह्याला वाघर न्हाई. म्हनून परतेकीनं आपलं कोकरू आपल्यासंगं आनायचं आन् आपल्यासंगं न्यायचं." आणि तिनं प्रत्येकीच्या हातात एकेक फ्लॉपी दिली, वर टायपानं तिचं नाव घातलेलं.

समोरच्या क्लासात सगळ्यांचं काम एकाच डिस्कवर पडायचं. कोणीही कोणाचंही पुसायचं आणि सर म्हणायचे, व्हायरस. आमच्या मुली मात्र आपापलं कोकरू दप्तरात घालून परभणीभर मिरवायला लागल्या. घरी आई-बापांना काढून दाखवायच्या, ह्यात माझा अर्ज हाय. "कोकरू आनलंस का?" हा शब्द रस्त्यावर ऐकून लोक वळून बघायचे. एकीनं मे महिन्यात आपलं कोकरू खिडकीत विसरलं, त्याचा उन्हानं पापड झाला. तरी ते मशिनीत घातलं तर पत्र निघालं, फक्त ओळी जरा वाकड्या होत्या. अकराच्या सतरा झाल्या. रस्ता ओलांडून गेलेल्यांतल्याही तिघी परत आल्या. कुलूप दाराच्या आतल्या खिळ्यालाच अडकून राहिलं.

माझ्या मनात मात्र त्या चार पट्ट्या चार महिने टकरी खेळत होत्या. मेंढरांची लोकर कातरायचे दिवस आले. पिंगळीच्या माळावर आबा एक मेंढी पायात धरून कातरत बसले होते. मी समोर बसून लोकर गोळा करत होतो. एकदाचं बोलून टाकलं. "आबा, ते चार मियाँच्या कानात मीच सांगितलं व्हतं. तुमी तिकडं पानी प्यायला गेलते तवा."

आबांनी मेंढी दुसऱ्या कुशीवर वळवली.

"ऐकलं व्हतं. म्हनून तर उपरण्याखाली मियाँची चार बोटं धरली. ती दुसरी कातर दे इकडं, हिची धार गेली."