बसथांब्यावरची पिवळी खुर्ची

शिकागोजवळच्या त्या उपनगरात हिवाळ्याची एक रीत होती. ज्यानं बर्फ उपसून रस्त्याकडेला गाडीपुरती जागा केली, त्यानं तिथं घरातली जुनी खुर्ची ठेवायची. मग त्या जागेत दुसऱ्या कुणाची गाडी लावायची छाती होत नसे.

बर्निस पाचोल्स्कीनं जन्मात गाडी घेतली नाही. शाळेच्या स्वयंपाकघरात भांडी घासायला ती बसनंच जायची. पण नगरपालिकेचं यंत्र रस्ता मोकळा करी आणि सगळा बर्फ बसथांब्यावर लोटून देई. माणसं मग भर रस्त्यात उभी राहत, गाड्यांचे भोंगे ऐकत. तक्रारी करून बर्निसचं तोंड दुखलं. शेवटी एका पहाटे तिनं फावडं उचललं, थांबा उपसला आणि मधोमध आपली पिवळी खुर्ची ठेवली.

तेवढ्यात शेजारचा लेस्टर गाडी घेऊन आला. आयती जागा बघून त्यानं काच खाली केली.

"बर्निस, खुर्ची उचल गं, गाडी लावायचीय."

"बर्फ कुणी उपसला?"

"तूच. पण खुर्ची गाडीवाल्यांनी ठेवायची असते. तुझी गाडी कुठंय?"

बर्निसनं फावडं बर्फात रोवलं आणि खुर्चीवर ऐसपैस बसली.

"ती बघ, वळणावर आलीय. चाळीस माणसं बसतात तिच्यात. चल, काढ तुझा डबा माझ्या जागेपुढून!"