प्लग उपटणाऱ्या प्रयागबाई

आमच्या हुडकेश्वर वस्तीत बोंब झाली, की शेजारच्या प्रयागबाई काकू हॅकरांना सामील आहेत. त्यांच्या सरकारी ऑफिसात फाइली पाठवायच्या सॉफ्टवेअरमधून हल्ला आला, वीस कॉम्प्युटर लॉक झाले आणि एकट्या यांचाच ठणठणीत राहिला!

खरी गोष्ट साधी होती. रात्री त्या सॉफ्टवेअरचं अपडेट येतं, म्हणून कॉम्प्युटर चालू ठेवा, असा साहेबांचा आदेश होता. प्रयागबाई मात्र रोज सहाला प्लग उपटून वर फुलाफुलांचं कव्हर घालायच्या. त्यामुळे हॅकरांचं खोटं अपडेट त्यांच्यापर्यंत पोचलंच नाही.

तरी चौकशी लागली. रिटायरमेंटला चार महिने उरले होते, म्हणून काकूंचा जीव टांगणीला. मी रोज त्यांच्या आवाजात बोलून त्यांना चिडवायचो; मी वर पैज लावली, "काकू, तुम्ही सस्पेंड होता पाहा! हरलो तर महिनाभर तुमची नक्कल बंद."

चौकशीच्या साहेबांनी विचारलं, "आदेश का मोडला?"

"साहेब, आपण घरी जाऊन झोपतो, मंग मशीनले काहून जागवून राहिले?"

साहेब हसले नाहीत. पण काकू सुटल्या, आणि सोमवारी नवा आदेश लागला: सहा वाजता सर्वांनी प्लग काढावेत.

काकू संध्याकाळी आमच्या फाटकाशी थांबल्या.

"बोल गा आता. पण सोताच्या आवाजात."