हिरवी झालेली आयव्ही

“मॅडम, ये वो नहीं है.” सक्सेनाजींनी कुंडी माझ्यासमोर टेबलावर ठेवली. “हमने सफेद किनार वाली ली थी. ये तो सादी बेल है. किसीने बदल दी.”

सक्सेनाजी विजयनगरमधल्या एका मोठ्या ऑफिसचे अ‍ॅडमिन मॅनेजर. मी इंदूरमधल्या ऑफिसांतल्या झाडांची देखभाल करते. झाडं त्यांची, माळी माझा.

आयव्ही म्हणजे टोकदार कोनांच्या पानांची वेल. आम्ही तिचा व्हेरिगेटेड प्रकार लावला होता. व्हेरिगेटेड म्हणजे एकाच पानावर दोन रंग: मध्ये हिरवा, कडेला दुधी. मुळात ती थंड हवेतली. इंदूरचा मे महिना तिला सोसत नाही, म्हणून चाळीस कुंड्या आतल्या चौकात सावलीला ठेवल्या होत्या. दीड वर्षात त्यांतल्या तीसेक निखळ हिरव्या झाल्या होत्या. मी महिन्यातून एकदा जात असे. हिरवंगार दिसलं की शीटवर टिक करत असे.

“आपका माली घर से पौधे बेचता है ना?” सक्सेनाजींनी विचारलं. “गार्डने बताया. रविवार को दुकान लगाता है.”

माळी म्हणजे वसंतराव. साठीला आलेले, परदेशीपुऱ्यात राहणारे. वडील मिलमध्ये होते. घरासमोर रोपं मांडून विकतात, हे मला माहीत होतं.

मी त्यांच्या घरी गेले. न सांगता. नळाजवळ सहा कुंड्या होत्या. सहाहीमध्ये पांढऱ्या किनारीची आयव्ही, अगदी ठसठशीत.

“बघा ताई, तुमचीच आहे,” वसंतराव खूश होऊन म्हणाले. “कशी मस्त जमली! बसा, चाय ठेवायला सांगतो.”

मी चहा घेतला. ते कप ठेवायला आत गेले तेव्हा मोबाइलवर फोटो काढला. दुसऱ्या दिवशी तो सक्सेनाजींना दाखवला. हे लिहायला मला जड जातंय, पण झालं ते असंच.

वसंतरावांना गेटवरच थांबवलं. मी तिथे होते. ते एवढंच म्हणाले, “ताई, तुम्ही तरी सांगा यांना.” मी मोबाइलमध्ये बघत राहिले. गार्ड म्हणाला, “चलो भिया, साइड में.” तेरा वर्षं माझ्याकडे काम केलेला माणूस बाजूला झाला. आठवड्यात त्यांच्या गल्लीत बातमी पोचली. रविवारी त्यांच्या रोपांपुढे कुणी थांबेना.

नवा माळी आला. पण मला एक गोष्ट कळेना. चोराने कुंडीतलं रोप बदललं तर माती हललेली दिसते, मुळं सैल असतात. इथे तर मुळांनी कुंडीचा आकार घेतला होता. एवढी जुनी मुळं नव्या रोपाला कुठून येणार?

म्हणून एक कुंडी छत्रीबागेतल्या माझ्या घरी आणली. मोरीत बसून माती धुतली. एक हिरवी फांदी बोटांत धरली आणि टोकाकडून बुडाकडे जात राहिले. हिरवं पान, हिरवं पान, पुन्हा हिरवं. बुडाशी, त्याच फांदीवर, दोन इवलीशी पानं होती. पांढऱ्या किनारीची.

रोप कुणी बदललंच नव्हतं. तेच होतं.

आमच्या धंद्यात याला रिव्हर्जन म्हणतात. पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसतं, त्यामुळे तो अन्न बनवत नाही. म्हणून दुरंगी फांदी हळू वाढते. कधीतरी तिच्यातून एखादी पूर्ण हिरवी फांदी फुटते. तिला अन्न भरपूर, ती धावत सुटते आणि बाकीच्यांना झाकून टाकते. सावलीत तर पांढऱ्याचे आणखी हाल. हे मी डिप्लोमाला शिकले होते. पेपरात लिहिलंही होतं.

पण एवढ्याने तीस कुंड्या बदलत नाहीत. वेलीच्या खोडावर कापल्याच्या खुणा होत्या. मी त्या मोजत बसले. दुरंगी फांद्या जिथून निघतात, नेमक्या तिथेच. कुणीतरी पांढऱ्या फांद्या कापत होतं आणि हिरव्या राखत होतं. असं कोण का करेल?

मग कुंडीच्या स्टँडला लावलेलं कार्ड आठवलं. अक्षर माझंच: कमजोर फांद्या काढणे, जोमदार वाढ राखणे. मनीप्लांटसाठी लिहिलेलं कार्ड मी आयव्हीला तसंच लावलं होतं. वसंतरावांनी एकदा विचारलंही होतं, “ताई, ही हिरवी वाली काटून टाकू का?” मी म्हटलं होतं, “वाढतेय ती कशाला कापायची?”

त्यांनी कार्ड पाळलं. मी कमजोर म्हटलेल्या फांद्या त्यांनी कचऱ्यात न टाकता घरी नेऊन रुजवल्या. आमच्याकडे छाटून काढलेलं माळ्याचंच, हा रिवाज आहे. “तुमचीच आहे” म्हणजे तुम्ही फेकायला सांगितलेली.

हे सगळं मला त्या एकाच संध्याकाळी कळलं. सक्सेनाजींना मी ते अठरा दिवसांनी सांगितलं. मधले दिवस मी स्वतःला सांगत होते की अजून खात्री करायला हवी. खात्री झालेली होती.

“मतलब गलती आपकी थी?” सक्सेनाजींनी विचारलं.

“हो. पूर्ण माझी.”

“पहले बता देतीं, मॅडम. हम तो सब जगह बोल चुके.”

मी लेखी दिलं. त्यांच्या लेटरहेडवर वसंतरावांच्या नावे माफीचं पत्र मागितलं. ते द्यायला त्यांनी आठवडा लावला, पण दिलं. मी माझं वेगळं पत्र लिहिलं, त्यात कार्डाची गोष्ट आणि फोटोचीही. दोन्ही घेऊन परदेशीपुऱ्यात गेले.

वसंतरावांनी चष्मा लावून दोन्ही वाचली. माझं दोनदा.

“फोटो काढलेला? त्याच दिवशी?”

“हो.”

“चाय पिऊन?”

“हो.”

त्यांनी दोन्ही पत्रांच्या घड्या घातल्या. मी म्हटलं, “सोमवारपासून या. सक्सेनाजी स्वतः गेटवर थांबणार आहेत.”

“चिट्ठ्या ठेवून घेतो, ताई. मोहल्ल्यात दाखवायला लागतील,” ते म्हणाले. “नोकरी तुम्ही ठेवा.”

ते पुन्हा आले नाहीत. ऑफिसच्या तीस कुंड्या मी स्वतः छाटल्या. अकरा वाचल्या, बाकीच्यांत पांढरं काही उरलंच नव्हतं. एकदा पूर्ण हिरवी झालेली फांदी परत दुरंगी होत नाही. म्हणून हिरवी फांदी दिसली की ती जिथून फुटली तिथून, त्याच दिवशी कापायची. खात्री करायला थांबू नये.