भिंगारच्या रस्त्यावरची धनगराची कुत्री

“आली बग. आता घंटी वाजवनार,” शेताच्या कडेला बसलेला धनगर बायकोला म्हणाला. मी ते ऐकलं, आणि तरीही सायकलची घंटी वाजवली.

कुत्री तीन होती. पाय माझ्या मनगटाएवढे जाड, गळ्यात लांडग्यांनी नरडं धरू नये म्हणून खिळ्यांचे पट्टे. दिवाळीनंतर खतासाठी मेंढ्या भिंगारच्या रस्त्यालगत शेतात बसवल्या होत्या. शाळेत शिकवायला जाताना आठवडाभर ही कुत्री माझ्यावर धावून येत होती. लष्करी लॉऱ्यांकडे मात्र ढुंकूनही बघत नव्हती. आदल्या दिवशी एकानं माझ्या पातळाचा काठ फाडला. वडिलांनी तो पाहिला आणि शांतपणे सांगितलं, पुन्हा असं झालं तर सायकल बंद, आणि नोकरीही. इतक्या लांब मला एकटीला पायी कुणी पाठवलं नसतं.

म्हणून त्या सकाळी मी वाक्यं पाठ करून निघाले होते. रस्ता सरकारी आहे, कुत्री बांधून ठेवा. घोकली मात्र इंग्रजीत. रागवायचं कसं, ते मी शाळेत त्याच भाषेत ऐकलेलं.

घंटीसरशी तिन्ही उसळली. मी सायकलीसकट धुळीत पडले. एक रुंद, करडं डोकं इतकं जवळ आलं की त्याचा श्वास गालाला लागला.

धनगरीण उठून आली. हातात काठीही नव्हती. तिनं घशातल्या घशात एक बारीक आवाज काढला, आणि ती तीन जनावरं होती तिथं बसली. माझ्या वर्गातल्या चाळीस मुली छडी आपटूनही इतक्या गप्प होत नसत. मी धुळीतच बसून बघत राहिले. भीती कुठं गेली ते कळलं नाही.

तिनं सायकल उभी केली, घंटीवर बोट ठेवलं. म्हणाली, त्यांच्या कळपापुढं चालणाऱ्या मेंढीच्या गळ्यात अशीच घंटा असायची. ती कळपाबाहेर वाजली की कुत्र्यांना एकच कळायचं, कुणीतरी मेंढी पळवतंय. म्हणून मेंढरांच्या वाड्याकडे येणारं माणूस लांबूनच तोंडानं हाक देत येतं, हा त्यांचा रिवाज.

“मान्साचा आवाज वळखत्यात ती,” ती म्हणाली. “बोल काय तरी, पोरी.”

मी पातळाची धूळ झटकत उठले. पाठ केलेलं सगळं अचानक फार क्षुद्र वाटलं. धनगर तंबाखू मळत म्हणाला, शाळेत पोरींना ही कशी शिकवती देव जाणे. धनगरिणीनं त्याला नुसतं बघून गप्प केलं, कुत्र्यांसारखंच.

कुत्री कान टवकारून माझ्या तोंडाकडे बघत होती. इतक्या लक्षपूर्वक माझ्या बोलण्याची वाट आजवर कुणी पाहिली नव्हती. मी हँडल घट्ट धरलं. मग म्हणाले, मराठीत, आणि मोठ्यानं:

“मी आहे. रोज इथूनच जाते. येऊ का?”