उघडं दार

त्या काळी रत्नागिरीत भाड्याच्या मोटारी मोजक्याच होत्या. पौषाच्या थंडीत आम्ही दोन जोडपी मौजेखातर एक मोटार घेऊन डोंगरातल्या देवळाला निघालो. पुरुष पुढे बसले, मी आणि माझी मैत्रीण मागे; मागे दारांऐवजी दोऱ्यांनी बांधलेले कापडी पडदे होते.

मोटार हाकणाऱ्याचं नाव कुणी विचारलं नाही. हाडकुळा माणूस, न पेटवलेली विडी चावत बसायचा. सडक सोडून गाडी चढणीच्या गवताला लागायच्या आधी त्याने ती थांबवली, वहाणा काढल्या आणि आपल्या बाजूचं दार उघडून दोरीने मागे बांधलं.

"दार कशाला उघडं?" मी विचारलं.

"सुकलं गवत तेलासारखं असतं, बाय. गाडी घसरली तर मी उडी मारणार. तुम्हीपण पडद्यांच्या गाठी सोडा."

"भित्रा आहेस की रे!" माझे यजमान हसले.

"म्हणून तर जिवंत आहे."

मी माझ्या बाजूच्या पडद्याची गाठ सोडली. मैत्रीणही सोडू लागली, तेव्हा तिचा नवरा खाली उतरला. गुराखी बायकांकडे बघतील, म्हणून त्याने तिची गाठ आणखी आवळली.

अर्ध्या चढावर मोटार मागे घसरू लागली. "उडी टाका!" असं ओरडून मोटारवाल्याने उडी टाकली. मागोमाग पुरुष आणि मी. मैत्रीण पडद्याशी झटत राहिली आणि मोटारीबरोबर खाली गेली.

सुतकात तिच्या ओसरीवर सगळे मोटारवाल्याला पळपुटा म्हणाले, तिचा नवरा सर्वांत मोठ्याने. मोटारवाला विडी चावत ऐकत राहिला. गाठीचं नाव काढलं नाही.

पळणारे पुरुष मी पुढे पुष्कळ पाहिले. आधी सांगून पळालेला तो एकटाच.