पोळ्याचं ताट

“मूर्तीला दाखवलेलं खाऊ नये, असं बायबलच्या वचनात लिहून हाय. मग माझं काय चुकलं?” शेण गोळा करता करता सिंधुनं विचारलं.

“खाऊ नको एवढंच हाय,” नवरा पिराजी म्हणाला. “वैनीच्या डोळ्यांदेखत म्हशीपुढं ओत, असं कुठं हाय?”

सिंधुनं पाटी उचलली, खाली ठेवली, पुन्हा उचलली.

वैनी म्हणजे तिची थोरली जाऊ, नागाबाई. अंगण एक, चुली दोन. मागं सिंधु महिनाभर तापानं अंथरुणाला खिळली, तवा तिचं हागणं-मुतणं नागाबाईनंच काढलं. उठल्यावर सिंधु येशूच्या मार्गाला लागली, तरी नागाबाई त्यावर काही बोलली न्हाई. यंदा पोळ्याला तिनं पुरणपोळीचं ताट आणलं, तर सिंधुनं ते शेजारणींसमोर म्हशीपुढं उपडं केलं. वर म्हणाली, “दगडाचं उष्टं आमच्यात चालत न्हाई.” हात जोडून नको म्हणाली असती, तर नागाबाई चार दिवस रुसून गप बसली असती.

काल रविवारी निलंग्याला उपासनेत सिंधु प्रार्थनेला उभी राहिली. “प्रभू, तुझे उपकार. मी माझ्या जावेसारखी अंधारात न्हाई.” सगळे आमेन म्हणाले. तिला मात्र आपलेच शब्द ओळखीचे वाटले. देवळात उभा राहून असंच बोलणारा, स्वतःला लई धार्मिक समजणारा बायबलातला परूशी तिनं कितीदा ऐकला होता, अन् दर वेळी त्याला हसली होती. तेव्हापासून डोळे मिटले की ते ताटच पुढं येई.

पाटी तिथंच टाकून तिनं हात धुतले अन् नागाबाईच्या दारात गेली.

“अक्का, मला भाकर वाढा.”

नागाबाई थापत राहिली. “का? म्हशीचं पोट भरलं न्हाई का?”

“मला भूक लागली.”

“आमच्या चुलीवरचं चालतंय व्हय तुमच्यात?”

“मी लई मातले होते, अक्का.”

“होतीस?”

सिंधु उंबऱ्यावर बसली. साऱ्या भाकरी भाजून होईस्तोवर नागाबाईनं मान वर केली न्हाई. बाया येता-जाता डोकावत होत्या. उठून जावं, असं सिंधुला वाटत राहिलं.

शेवटी कालची भाकर अन् ठेचा पुढं आला. “कुठल्या देवाला दाखवली न्हाई. खा.”

सिंधुनं खाल्ली. माफ केलं का, हे विचारायला तोंड उघडलं, तोवर नागाबाई पोतं खांद्यावर टाकून उठली.

“मूग तोडायला येतीस का बसून राहतीस?”

सिंधु मागं निघाली. शेतात पोचली तवा नागाबाई मुगाच्या आपल्या ओळीत बरीच पुढं गेली होती. सिंधुनं पदराची ओटी खोचली अन् शेजारचं तास धरलं.